आफ्रिका आणि आपली विद्यापीठं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजांचे प्राध्यापक, वसतिगृहांचे रेक्टर, घरमालक, पदव्युत्तर वर्गातली मुलं आणि अधूनमधून एखादा पत्रकार यांच्याकडून आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांबद्दल आणि तिथल्या विद्यापीठांशी होणाऱ्या करारांबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. काही प्रश्न कागदपत्रांचे आहेत, काही इतिहासाचे, एकदोन अडचणीचेही आहेत. हवा तो प्रश्न आधी वाचावा.

आफ्रिकेशी शैक्षणिक संबंध म्हणजे नक्की कुणाशी?

आफ्रिकी संघाचे ५५ सदस्य देश आहेत, त्यामुळे उत्तर दरवेळी वेगळं. अंगोला किंवा मोझांबिकचा मुलगा पोर्तुगीजमधून शिकून आलेला असतो, सेनेगलची मुलगी फ्रेंचमधून, सुदानचा विद्यार्थी अरबीतून, केनिया-युगांडाचे इंग्रजीतून. आपल्या कॉलेजांत पहिल्या सहामाहीत उडणारा गोंधळ बराचसा इथूनच येतो. सगळ्यांना ‘आफ्रिकन’ म्हणून एका बाकावर बसवलं जातं आणि त्यांना एकमेकांचीही भाषा येत नसते. म्हणून देश कोणता, विद्यापीठ कोणतं आणि तिथे शिकवतात कोणत्या भाषेत, हे आधी विचारावं.

हे अलीकडचं फॅड आहे का?

नाही. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे सगळे जिला आयसीसीआर म्हणतात ती, १९५० साली मौलाना आझादांनी स्थापन केली. परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी शिष्यवृत्त्या तिच्यामार्फत जातात. दिल्ली विद्यापीठात आफ्रिकी अभ्यासाचा विभाग १९५५ मध्ये सुरू झाला. तेव्हा आफ्रिकेतले बहुतेक देश स्वतंत्रसुद्धा झाले नव्हते. १९६४ मध्ये ‘आयटेक’ ही परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण योजना आली. मुंबई विद्यापीठाचं आफ्रिकी अभ्यास केंद्र १९७१ चं. ते कलिन्याला आहे, आणि रोज त्या फाटकासमोरून जाणाऱ्या कित्येकांना त्याचा पत्ता नसतो.

पुण्यात १९७१ मध्येच सिंबायोसिसची स्थापना झाली. तिच्यामागची हकीकत अनेकांनी ऐकलेली असेल. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचं काम पाहणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एक विद्यार्थिनी रोज एका खोलीच्या खिडकीतून काहीतरी आत देताना दिसली. चौकशी केल्यावर कळलं की आतला मुलगा मॉरिशसचा, काविळीने अंथरुणाला खिळलेला, आणि ही त्याला जेवण आणून देत होती. परदेशी मुलांना या शहरात आपलं माणूस नसतं, ही जाणीव संस्थेच्या मुळाशी आहे.

सरकारी शिष्यवृत्तीचं फळ पाहायचं तर मलावीचे बिंगु वा मुथारिका घ्या. १९६० च्या दशकात ते दिल्लीत श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स आणि नंतर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. २००४ मध्ये ते आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

या इतिहासात नाशिकचं नाव का येतं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण उत्तर मोठं द्यावंसं वाटतं.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं पकडत असे. सुटका झालेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतल्या बऱ्याच जणांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला नेलं. नाशिकचा आजचा शरणपूर रोड ज्या वस्तीच्या नावाने आहे, तीच ही. तिथे या मुलांना लिहा-वाचायला शिकवलं, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं, आणि अर्थातच बाप्तिस्माही दिला. मिशनचा हेतू काही निव्वळ शिक्षणाचा नव्हता.

आफ्रिकेत भटकंती करणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या सफरीत जे आफ्रिकी सोबती होते, त्यांत ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जाणारी ही मुलं होती. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा जेकब वेनराइट याने प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीख कोरली. त्याला लिहिता येत होतं, कारण तो शरणपूरला शिकला होता. मग तो देह महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणला गेला. वेनराइट तो घेऊन इंग्लंडला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता. दुसरा सोबती चुमा हा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत काही काळ राहिलेला.

पुढचा भाग विद्यापीठवाल्यांसाठी जास्त महत्त्वाचा. १८७५ च्या सुमाराला शरणपूरची ही मंडळी मोठ्या संख्येने मोंबासाजवळ परत नेली गेली. तिथली वसाहत फ्रिअरटाउन, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाची, आणि ती वसवणारे विल्यम प्राइस हे शरणपूर चालवलेलेच मिशनरी. पूर्व आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक म्हणून जी पहिली पिढी उभी राहिली, तिच्यात हे ‘बॉम्बे आफ्रिकन’ होते. म्हणजे महाराष्ट्रातून आफ्रिकेत शिक्षक गेले ते आफ्रिकीच होते, आणि तेही दीडशे वर्षांपूर्वी. नाशिकमधल्या आणि मोंबासातल्या इतिहास विभागांनी मिळून करावा असा यापेक्षा चांगला प्रकल्प मला तरी सुचत नाही.

डायस्पोरा म्हणताना कुणाला मोजायचं?

आफ्रिकी संघाची व्याख्या ऐसपैस आहे. खंडाबाहेर राहणारे आफ्रिकी वंशाचे लोक, नागरिकत्व कुठलंही असो, आणि खंडाच्या विकासात व संघाच्या उभारणीत हातभार लावायची तयारी असलेले. पाच भौगोलिक विभागांच्या जोडीला या समाजाला सहावा विभाग मानलं जातं.

या व्याख्येत आपल्याकडचे सिद्दी बसतात. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी होते हे शाळेत शिकवतात. खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवणारा, तिला नहरींनी पाणी पुरवणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आला आणि निजामशाहीचा कर्ता झाला. १६२६ मध्ये तो वारला, कबर खुलताबादला आहे. त्याने वसवलेल्या शहरात आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. पण सिद्दी म्हणजे नुसता इतिहास नव्हे. गुजरातेत जुनागढकडे, कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात आणि गोव्यातही हा समाज राहतो आणि त्याची मुलं आज कॉलेजात आहेत. आफ्रिकेशी संबंध जोडायला निघालेल्या विद्यापीठाने आपल्या परिसरातल्या सिद्दी मुलांच्या शिक्षणाचं काय चाललंय हे विचारलेलं मी क्वचितच पाहिलंय. विमानाचं तिकीट काढायच्या आधी हे करता येतं.

दुसरी बाजू म्हणजे आफ्रिकेत स्थायिक झालेले भारतीय: गुजराती, पंजाबी, गोवेकर, तमीळ आणि मॉरिशसचे मराठी. त्यांचंही स्थान या नात्यात मोठं आहे.

अशा स्थायिक समाजाने खरंच एखादं विद्यापीठ उभारलंय का?

उभारायला हातभार लावलाय. १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाल्यावर केनियातल्या भारतीयांनी त्यांच्या स्मरणार्थ कॉलेज काढायचं ठरवून निधी गोळा केला. त्याच सुमाराला ब्रिटिश सरकार नैरोबीत रॉयल टेक्निकल कॉलेज काढत होतं. एकाच शहरात दोन अर्धी कॉलेजं उभारण्यापेक्षा एक पूर्ण बरं, असा विचार होऊन १९५४ मध्ये गांधी स्मारक संस्थेचा निधी आणि सरकारी योजना एकत्र आल्या. कॉलेज १९५६ मध्ये उघडलं. त्या वर्षी सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते आवारात गांधींचा पुतळा बसला. १९७० मध्ये त्याचंच नैरोबी विद्यापीठ झालं.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं: पैसा भारतीयांचा असला तरी कॉलेज भारतीयांपुरतं राहिलं नाही. त्या काळच्या केनियात शाळा, दवाखाने, वस्त्या सगळं वंशानुसार वेगळं होतं, हे आठवलं की याचं मोल कळतं.

गोव्याचा काही दुवा आहे का?

आहे, आणि तो अगदी विद्यापीठाच्या आतला. १९२४ मध्ये गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यात फ्रेलिमो पक्षाचे सल्लागार होते. देश स्वतंत्र झाल्यावर मापुतोच्या एदुआर्दो मोंडलान विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्र उभं राहिलं, त्याचे ते संचालक. संशोधनाची धुरा दक्षिण आफ्रिकेतून हद्दपारीत आलेल्या रूथ फर्स्ट यांच्याकडे होती. १९८२ मध्ये त्याच विद्यापीठात टपालाने आलेल्या बाँबने त्यांचा जीव घेतला. ब्रागांसा त्या खोलीत होते, जखमी झाले. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचं विमान कोसळलं, त्यात ब्रागांसाही गेले. गोव्यातल्या किती वर्गांत हे नाव घेतलं जातं, ठाऊक नाही. घेतलं जावं एवढं खरं.

मॉरिशसमध्ये मराठी शिकवतात म्हणे?

शिकवतात. १८३४ पासून ऊसमळ्यांवरच्या करारी मजुरीसाठी भारतातून माणसं नेली गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणी-मराठीही होते. हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये गणपती बसला असं तिथले मराठी सांगतात. आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. घरात बहुतेक जण क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात. मराठी येते ती शाळेतून, भजनातून आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतून. या संस्थेची पायाभरणी १९७० ची, आणि तिथे मराठीत पदवीपर्यंत शिकता येतं.

आपल्याकडच्या मराठी विभागांना परदेशी सहकारी हवे असतात तेव्हा नजर आधी अमेरिकेतल्या मंडळांकडे जाते. मॉरिशसमध्ये पाचव्या-सहाव्या पिढीचे मराठी शिक्षक आहेत. त्यांना पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, शिक्षक-प्रशिक्षण असं साधंसुधंच हवं असतं. आणि त्यांच्याकडून आपल्याला शिकायला मिळतं ते म्हणजे परकी भाषा म्हणून मराठी कशी शिकवायची. महाराष्ट्रातल्या शाळांत आता परप्रांतीय मुलं इतकी आहेत की त्या अनुभवाला इथेही गिऱ्हाईक आहे.

घाना विद्यापीठातून गांधींचा पुतळा का काढला?

जून २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते अक्राजवळच्या लेगॉन इथल्या आवारात तो बसला. काही महिन्यांतच तिथल्या प्राध्यापकांनी तो हटवण्याची मागणी केली. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधींनी कृष्णवर्णीयांबद्दल जे लिहिलं, त्यावर त्यांचा आक्षेप होता. आणि आमच्या आवारात आमचे वीर का नाहीत, असाही प्रश्न होता. डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलवला गेला.

आपल्याकडे यावर रागावणारे पुष्कळ भेटले. गांधींचे विचार पुढे बदलले हे खरंच आहे, आणि त्यावर वाद घालता येईल. पण नैरोबीचा पुतळा आणि अक्राचा पुतळा यांत फरक आहे. नैरोबीत तो तिथल्याच लोकांच्या वर्गणीतून, तिथल्याच संस्थेच्या उभारणीत आला. अक्रात तो पाहुण्यांनी भेट दिला, आणि ज्यांच्या दारात बसवला त्या प्राध्यापकांशी पुरेसं बोलणं झालं नव्हतं.

झांझिबारची आयआयटी नक्की काय आहे?

आयआयटी मद्रासचा परिसर, टांझानियाच्या झांझिबार बेटावर. करार जुलै २०२३ मध्ये झाला, वर्ग त्याच वर्षी सुरू झाले. परदेशातली ही पहिली आयआयटी. सुरुवातीला डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांचे दोन अभ्यासक्रम होते: चार वर्षांच्या पदवीला ५० जागा आणि एम.टेक.ला २०. पहिल्या प्रमुख प्रीती अघलायम. आयआयटीचं प्रमुखपद सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर युगांडात जिंजा इथे सुरू झाला होता. जिंजा म्हणजे नाईलचं पाणी व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडतं ते गाव.

फायदा उघड आहे. मुलगी घरापासून तीन हजार मैल दूर जात नाही, व्हिसा लागत नाही, आणि तिथले प्रश्न (मासेमारी, सागरी हवामान, स्वाहिलीतली माहिती) अभ्यासाचा विषय होऊ शकतात. होतीलच असं नाही. तिथे स्थानिक प्राध्यापक किती नेमले जातात आणि काही वर्षांनी संशोधनाचे विषय कोण ठरवतं, त्यावर ते कळेल.

ऑनलाइन शिकवणीचा प्रयोग झाला होता ना?

झाला होता. २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी जोहान्सबर्गला पॅन-आफ्रिकन संसदेत ही कल्पना मांडली. २००९ मध्ये उपग्रहाने जोडलेलं जाळं सुरू झालं, आणि पुढे ४८ देश त्यात आले. भारतातला प्राध्यापक कॅमेऱ्यासमोर, तिकडे एका खोलीत विद्यार्थी. त्या काळी आफ्रिकेच्या मोठ्या भागात इंटरनेट महाग आणि मंद होतं, त्यामुळे उपग्रह हाच शहाणा मार्ग होता. नंतर समुद्राखालच्या केबल आल्या, हातात मोबाइल आले, आणि ठरावीक वेळी ठरावीक खोलीत जाऊन बसण्याचं कारण उरलं नाही. २०१९ मध्ये त्याची जागा ‘ई-विद्याभारती’ने घेतली: पाच वर्षांत १५,००० जणांना भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या, शुल्क भारत सरकार भरणार.

आयसीसीआरच्या शिष्यवृत्तीत काय मिळतं?

शिकवणी शुल्क, दरमहा विद्यावेतन आणि घरभाडं. अलीकडच्या वर्षांत विद्यावेतन पदवीला १८,०००, पदव्युत्तरला २०,००० आणि पीएच.डी.ला २२,००० रुपयांच्या घरात राहिलं आहे. अर्ज ऑनलाइन. एमबीबीएस यात येत नाही, हे दरवर्षी कुणाला तरी उशिरा कळतं. रक्कम हातात यायला सुरुवातीला वेळ लागतो, म्हणून विद्यार्थ्याने निदान पहिल्या दोन महिन्यांचा खर्च बरोबर आणावा असं मी नेहमी सांगतो. मेसवाले आणि घरमालक शिष्यवृत्ती येईपर्यंत थांबत नाहीत.

२०१५ मध्ये दिल्लीत झालेल्या तिसऱ्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पाच वर्षांसाठी ५०,००० शिष्यवृत्त्यांची घोषणा झाली होती. हा आकडा भाषणांत फार येतो. त्यात आखूड मुदतीची प्रशिक्षणंही धरलेली असतात, सगळी मुलं तीन-चार वर्षं इथे राहत नाहीत. आकडा ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

त्यांच्या बारावीला आपल्याकडे मान्यता असते का?

असते, तपासून. नायजेरिया, घाना, सिएरा लिओन वगैरे देशांत पश्चिम आफ्रिकी परीक्षा मंडळाची शालान्त परीक्षा असते, केनियाची वेगळी. समकक्षता २०२५ पर्यंत भारतीय विद्यापीठ संघ ठरवत असे, आता ते काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आहे. प्रवेश देऊन मग समकक्षता बघू म्हणणाऱ्या कॉलेजांमुळे मुलांची वर्षं वाया गेली आहेत. उलट क्रमाने करा.

जागांचं म्हणाल तर मंजूर जागांच्या वर २५ टक्क्यांपर्यंत जादा जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवता येतात. स्थानिक मुलांच्या जागा त्यांना दिल्या जातात, हा समज चुकीचा आहे.

आफ्रिकन विद्यार्थ्याला खोली भाड्याने दिली तर काय करावं लागतं?

कुठल्याही परदेशी माणसाला देताना लागतं तेच. तो राहायला आल्यापासून २४ तासांत त्याच्या राहण्याची माहिती देणारा फॉर्म (२०२५ पर्यंत याला ‘सी फॉर्म’ म्हणत) ऑनलाइन भरायचा. हे काम घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं. भाडेकरार नोंदवायचा. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर विद्यार्थ्याने आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करायची, तीही आता ऑनलाइन होते. तिथे भाडेकराराची प्रत लागते, आणि घरमालक करार द्यायला टाळाटाळ करतो तिथे सगळं अडतं. नोंद उशिरा झाली की दंड विद्यार्थ्याला. पीतज्वराच्या पट्ट्यातल्या देशातून येणाऱ्याने प्रवासाआधी किमान दहा दिवस लस घेतलेली असावी, नाहीतर विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी होऊ शकते.

हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. “भानगड नको” म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा फॉर्मची भीती नसते. मग ती खोली महिनाभर रिकामी राहते आणि ‘सोसायटीचा नियम आहे’ असं सांगितलं जातं. असा नियम लेखी दाखवा म्हटलं की बहुधा विषय बदलतो.

वर्णद्वेषाच्या घटनांचा विद्यापीठांच्या संबंधांवर परिणाम होतो का?

थेट होतो. जानेवारी २०१६ च्या अखेरीस बंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत काँगोच्या तरुणाचा खून झाला. त्यानंतर दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी एकत्र येऊन सांगितलं की सुरक्षेची हमी मिळेपर्यंत नवे विद्यार्थी भारतात पाठवू नयेत, अशी शिफारस आम्ही आमच्या सरकारांना करू. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात पुन्हा नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण झाली, मॉलमध्ये, कॅमेऱ्यांसमोर.

पुण्या-मुंबईत असं घडत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. इथला प्रकार मवाळ असतो: रिक्षात हसणं, नकळत फोटो काढणं, केसांना हात लावणं, टपोरी पोरांनी हाका मारणं, आणि ‘नायजेरियन’ हा शब्द पोलिसी बातम्यांतून उचलून युगांडाच्या मुलीलाही चिकटवणं. ती मुलगी चार वर्षांनी घरी जाऊन धाकट्या भावाला काय सांगेल, त्यावर पुढचा प्रवेश ठरतो. कॉलेजची जाहिरात त्यानंतर कितीही चकचकीत असली तरी.

इकडून तिकडे कुणी जातं का?

इथे आपली बाजू लंगडी आहे. इथिओपियाच्या शाळांत एकेकाळी भारतीय शिक्षकांची आख्खी पिढी होती, आणि तिथे विद्यापीठं झपाट्याने वाढली तेव्हा भारतीय प्राध्यापक करारावर गेले. त्यांतले बरेच निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे. उलट इथिओपियाचे तरुण प्राध्यापक भारतात पीएच.डी. करून परत जातात, आणि आज ते तिकडच्या विभागांचे प्रमुख आहेत. पण भारतीय विद्यार्थी एखाद्या सत्रासाठी युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठात, केपटाउन किंवा दार-ए-सलामला गेला, असं ऐकलंय का? मकेरेरे १९२२ ची संस्था आहे. उष्ण कटिबंधातले रोग, कोरडवाहू शेती, मोबाइलवरून पैशांची देवाणघेवाण, हे शिकायला जाण्यासारखी ठिकाणं तिथे आहेत. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायचं एम-पेसा २००७ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ मध्ये.

आपण देणारे, ते घेणारे, ही समजूत घट्ट बसली आहे, आणि आपल्या विद्यापीठांच्या आफ्रिका-धोरणातला खरा अडथळा मला हाच दिसतो. पैशाचा अडथळा त्यानंतरचा.

अमेरिकेतली विद्यापीठं हे कसं करतात?

चांगलं-वाईट दोन्ही. नायजेरियाचं न्सुक्का विद्यापीठ १९६० मध्ये उघडलं ते स्वातंत्र्यलढ्यातले नेते न्नामदी अझिकिवे यांच्या पुढाकाराने आणि मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या सहकार्याने. शेती आणि समाजाला जोडलेलं विद्यापीठ हा नमुना तिथून आला. अलीकडचा लक्षात ठेवण्यासारखा प्रयोग म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेली कार्नेगी आफ्रिकन डायस्पोरा फेलोशिप. आफ्रिकेत जन्मलेला, आता अमेरिका-कॅनडात शिकवणारा प्राध्यापक दोन आठवडे ते तीन महिने आफ्रिकी विद्यापीठात जातो: अभ्यासक्रम बेततो, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. मागणी मात्र तिकडच्या विद्यापीठाने नोंदवायची असते. कायमचं परत या, असा आग्रह नाही. हुशार माणसं देश सोडून जातात म्हणून हळहळत बसण्यापेक्षा हे बरं.

वाईट बाजू सगळ्यांना माहीत आहे. परदेशी चमू येतो, रक्ताचे नमुने किंवा मुलाखती गोळा करतो, निघून जातो, आणि शोधनिबंधात स्थानिक सहकाऱ्याचं नाव शेवटी किंवा नुसतं आभारात येतं. आपण आता आफ्रिकेत संशोधनाला जाऊ लागलो आहोत, तर हा धडा गोऱ्यांपुरता आहे असं समजू नये.

सामंजस्य करार होतात आणि पुढे काहीच होत नाही. असं का?

कारण करार कुलगुरू करतात आणि काम विभागात असतं. फोटो निघतो, फाइल आंतरराष्ट्रीय कक्षाच्या कपाटात जाते, कुलगुरू बदलतात. ज्या करारात दोन्हीकडच्या एकेका प्राध्यापकाचं नाव, एक विषय आणि प्रवासखर्चाची तरतूद नाही, तो पुढे जात नाही असा माझा अनुभव. आणि पहिल्या तीन वर्षांत तिकडून एक तरी माणूस शिकवायला आला का, एवढं विचारलं की कराराची तब्येत कळते. शिकायला आलेले यात मोजू नयेत.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावात आहे. आम्हाला काय जमेल?

माजी विद्यार्थ्यांची यादी काढा. शेती, औषधनिर्माण, संगणक या कॉलेजांतून शिकून गेलेले केनियाचे, टांझानियाचे, रवांडाचे विद्यार्थी आज तिथल्या खात्यांत, कंपन्यांत आहेत. बहुतेकांचा ईमेलसुद्धा कॉलेजकडे नसतो. एखाद्याला ऑनलाइन व्याख्यान द्यायला बोलवा, मानधन देऊन. जिल्ह्यात भाताची, काजूची, कांद्याची शेती असेल तर विषय शोधावा लागणार नाही. टांझानिया आणि मोझांबिकमध्ये काजू मोठं पीक आहे, आणि टांझानियातला बराच कच्चा काजू फोडायला भारतात येतो.

स्वाहिली कुठे शिकता येईल?

दिल्ली विद्यापीठाच्या आफ्रिकी अभ्यास विभागात ती शिकवली जाते. घरबसल्याही सुरुवात होते: लिपी रोमन, उच्चार लिहिल्याप्रमाणे, आणि शब्दसंपदेत अरबीचा भरणा असल्याने ‘किताबू’, ‘वकाती’, ‘दुनिया’ असे शब्द आपल्या कानाला परके वाटत नाहीत. व्याकरण मात्र वेगळं आहे, नामांचे गट पाठ करावे लागतात, तिथे पहिले काही आठवडे जातात. शेजारच्या वसतिगृहात टांझानियाचं कुणी असेल तर त्याला विचारा; बदल्यात तो बहुधा मराठीतल्या शिव्या आधी मागेल, मग रिक्षावाल्याशी भाव करायची वाक्यं.